खालच्या मजल्याचा रंग

ठकीनं भूगोल घेतला तो रांग छोटी होती म्हणून. प्रवेशाच्या दिवशी अर्थशास्त्राची रांग जिन्याखाली उतरली होती, मानसशास्त्राची फाटकाबाहेर गेली होती, आणि भूगोलाच्या खिडकीत एक कारकून एकटाच पेन्सिलीला टोक काढत बसला होता. तिथं उभं राहिलं की काम लगेच होणार हे उघड होतं. घरी कळल्यावर मावशीनं कपाळाला हात लावला. भूगोल शिकून पोरगी काय होणार, पोस्टमन? तेव्हापासून मावशी आली की पायातल्या चपला काढायच्या आत एखाद्या देशाची राजधानी विचारायची आणि ठकीला ती आली नाही की समाधानानं मान हलवायची. विद्यापीठात राजधान्या शिकवत नाहीत हे सांगून सांगून ठकीची जीभ झिजली. आईनं तेवढी बाजू घेतली. घराच्या खालच्या मजल्यावर आईचं लोकरीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला लोकरीचा गुंडा दाखवता दाखवता ती मावशीला म्हणाली होती की शिकू दे गं, चार लोकांना रस्ता तरी सांगेल.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बसवाल तिथं बसून राहायची, डोळे तेवढे टपोरे, लाकडी बाहुलीसारखी. बाबांनी एकदा ठकी म्हटलं आणि ते चिकटलं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर आई गेली. आजारपण लांबलं नाही. आधी खोकला, मग दवाखाना, मग लोकांनी घरात येऊन खुर्च्या मांडल्या. ठकी रडली नाही. मावशीनं वाट पाहिली, शेजारच्या काकूंनी पाहिली, मग सगळे कंटाळले. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात तेव्हा ओठ जसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं अंगभर झालं होतं. लोक विचारत होते दुखतंय का, आणि खरं उत्तर नाही असंच होतं. ती अंघोळ करायची, तासाला बसायची, वाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. फक्त त्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा तिनं दिली नाही. विभागानं माणुसकी दाखवून ती तिसऱ्या वर्षात ढकलली, पण एकदाच. पुन्हा राहिली तर नाव कमी होणार आणि पदवीवर पाणी सोडायचं, हे तिला कागदावर सही घेऊन सांगण्यात आलं.

तिसऱ्या वर्षाला भूमी उपयोजन असतं. नाव भारदस्त, काम साधं. शहराचा एक तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्या तुकड्याच्या नकाशात इमारतींच्या नुसत्या चौकटी छापलेल्या असतात, पोट रिकामं. विद्यार्थ्यानं दारोदार जायचं, कुठल्या मजल्याचा उपयोग कशासाठी होतो ते विचारायचं, आत जाऊन खात्री करायची, राहत्या घरात माणसं किती आणि कुटुंबं किती ते सोबतच्या तक्त्यात लिहायचं, आणि विभागात परत येऊन रंग भरायचे. राहतं घर पिवळं, दुकान लाल, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाने निळे. कुणी वापरतच नसेल ती जागा करडी.

हे काम ज्या मॅडमकडे होतं त्यांना मुलं पाठीमागे नकाशेबाई म्हणत. बाईंचा आवाज बारीक होता आणि दया त्याहून बारीक. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की दारावरच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण धंदा बुडाल्यावर पाटी उतरवायला कुणाला सवड नसते. आठवणीवर तर मुळीच नाही. आज जे आहे ते लिहायचं आणि डोळ्यांनी बघून लिहायचं. ज्याच्या नकाशात एक गल्ली मनची सापडेल, त्याचा सगळा नकाशा बाद.

तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले. ठकीच्या चिठ्ठीत तिची स्वतःची गल्ली आली. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिला सगळे होकायंत्र म्हणत, कारण कुठंही उभी केली तरी तिचं तोंड कॅन्टीनकडे वळायचं, तिला हेवा वाटला. म्हणाली, मजा आहे बाई तुझी, निम्मं काम पांघरुणातून होईल.

ठकीनं बाकीचं काम मन लावून केलं असं म्हणता येणार नाही, पण पाय लावून केलं. रोज एक रस्ता. बेल वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं, खाली काय आहे, वर काय आहे, बघू का. हे काम तिला मानवलं. त्यात तिला कुणी कशी आहेस असं विचारत नव्हतं. विचारणारी तीच होती. केस कापायच्या दुकानात आरशामागे एक अख्खं बिऱ्हाड निघालं. दवाखान्याची पाटी असलेल्या घरात एक म्हातारे गृहस्थ सायकली दुरुस्त करत होते आणि त्यांनी तिला रक्तदाबाचं यंत्र दाखवलं, हवा भरायला चांगलं आहे म्हणाले. होकायंत्र असती तर पोट धरून हसली असती. ठकीनं जांभळा असं लिहून घेतलं आणि पुढचं दार वाजवलं.

स्वतःच्या गल्लीत मात्र ती गेली नाही. म्हणजे रोज जात-येत होती, पण वही-पेन्सिल घेऊन गेली नाही. एका दुपारी नकाशांच्या खोलीत बसून तिनं ती गल्ली सरळ काढून टाकली. कोपऱ्यावर बेकरी, तिच्यावर बेकरीवाल्याचं घर. मग चांभार. मग काकूंचं घर, खाली भाडेकरू. मग लोकरीचं दुकान, लाल, वर राहतं घर, पिवळं. हात एकदाही अडखळला नाही. मनात चोरी नव्हती. जन्मापासून जिथं राहतो ती गल्ली विचारून काय काढायची, इतकंच तिला वाटलं.

नकाशेबाई तपासणीला प्रत्येकाच्या नकाशातली एकच गल्ली निवडत आणि ती पायी फिरत. ठकीच्या नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं, ते नेमकं तिथं पडलं. निदान डोळे मिटले होते असं बाई म्हणाल्या.

दोघी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बेकरीच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ते कधी झालं हे ठकीला सांगता आलं नसतं, आणि रोज सकाळी ती त्यावरून जात होती. चांभाराच्या जागी कुलूप. काकूंचे भाडेकरू गेलेले, तिथं मुलांची शिकवणी. लोकरीच्या दुकानाचं शटर खाली, शटरवर धूळ, वर पाटी जशीच्या तशी. बाई प्रत्येक ठिकाणी थांबत, नकाशाकडे बघत, दाराकडे बघत आणि पुढे चालू लागत. हे घर कुणाचं ते त्यांना माहीत नव्हतं आणि ठकीनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई थोड्या विरघळल्या असत्या, हे तिला समजत होतं. पण तोंड उघडायला जे लागतं ते तिच्यापाशी नव्हतं.

टोकाला पोचल्यावर बाईंनी नकाशाची गुंडाळी केली.

“काम सुबक आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त ही गल्ली गेल्या वर्षीची आहे.”

ठकी हो म्हणाली.

बाद, असं त्या म्हणतील म्हणून ती उभी राहिली.  बाई म्हणाल्या की बाकीचे रस्ते त्यांनी कालच गुपचूप पाहून ठेवलेत आणि ते चोख आहेत, म्हणून सोमवारपर्यंत मुदत. गल्ली पुन्हा करायची, एकूण एक दार, आत शिरून. एक जरी चौकट अंदाजानं भरलेली दिसली तरी सही मिळणार नाही. सही नाही तर वर्ष नाही, आणि ठकीच्या बाबतीत पुढचं वर्षही नाही.

रविवारी सकाळी ठकी गल्लीच्या लांबच्या टोकापासून सुरू झाली. ओळखीच्या दारात ओळखपत्र दाखवणं विनोदी होतं, पण नियम म्हणजे नियम. मोबाइलवाला नवीन होता, त्यानं मुकाट्यानं आत येऊ दिलं. काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या घरात रांगलीस तू, आणि मला विचारतेस इथं कोण राहतं? तरी त्यांनी शिकवणीची खोली दाखवली, माळा दाखवला, आणि नको म्हणत असताना न्हाणीघरही दाखवलं. जाता जाता म्हणाल्या, तुमचं बरं आहे, खाली-वर दोन्हीकडे माणूस आहे. ठकीला वाटलं काकूंचं वय झालं.

मग तिचं स्वतःचं दार आलं.

शटरला बाहेरून कुलूप होतं. एवढं पुरेसं होतं खरं तर. करडी पेन्सिल खिशातच होती. चौकट भरायला दोन मिनिटं लागली नसती. आई गेल्यापासून ठकी या शटरच्या आत गेली नव्हती. बाहेरच्या जिन्यानं वर जायचं, वरूनच निघायचं. करडं केलं असतं तर बाईंना कळलं नसतं, कारण बाहेरून ते तसंच दिसत होतं. ती पेन्सिल हातात धरून उभी राहिली. पण बंद दार दिसलं तर राहणाऱ्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, हे पाय आता आपोआप करत होते. ती जिना चढून वर गेली.

बाबा स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून लिफ्टचा एक सुटा भाग पुसत बसले होते. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. दिवसभर ते उंच इमारतींत मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढायचे आणि आई असताना रात्री जेवताना त्यांच्या नकला करून दाखवायचे. आता ते लवकर जायचे, उशिरा यायचे. ठकी त्यांच्याआधी झोपायची. सकाळी त्यांच्या खोलीवरून जाताना कॉटवरची चादर कशी ताणून घातलेली दिसायची, एक सुरकुती नाही. ज्या माणसानं जन्मात चादर झटकली नाही तो इतका टापटिपीचा झाला, म्हणजे दुःखानं माणूस सुधारतो, असं ती मनाशी म्हणायची.

तिनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उचलून फोटो पाहिला.

“खालच्या मजल्यावर काय आहे?” तिनं विचारलं.

“दुकान.”

“चालू आहे?”

बाबा फडक्याची घडी करत राहिले. मग म्हणाले, “नाही.”

“मग रिकामी जागा लिहू?”

“रिकामी नको लिहू.”

“माल आहे म्हणून?”

बाबांनी हात पुसले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चल म्हणाले. शटरकडे गेले नाहीत. जिन्याखालच्या मागच्या दाराकडे गेले. त्या दाराची बिजागरी करकरत नव्हती. कुणीतरी तिला तेल दिलं होतं.

आत सगळं होतं तसं होतं. भिंतीभर खण, खणांत रंगारंगाच्या लोकरीचे गुंडे, काउंटरवर सुयांचा डबा, गिऱ्हाइकांना बसायला दोन लांब बाकं. बाकं एकमेकांना जोडून लावली होती आणि त्यांवर गादी होती. गादीवर बाबांचं पांघरूण, चुरगळलेलं. उशी. उशीत डोक्याचा खड्डा. मापाच्या पट्टीशेजारी पेल्यात ब्रश. खिळ्याला त्यांचा कामाचा शर्ट. जिथं आई हिशेबाला बसायची त्या स्टुलावर गजराचं घड्याळ आणि त्यांचा वाचायचा चष्मा.

ठकी दारातच उभी राहिली. मग तिनं सर्वेक्षणाला आलेलं माणूस जे करतं ते केलं. आत आली, चारी भिंती पाहिल्या, खिडकी किती, उजेड कुठून, पाणी कुठून. पाणी मागच्या नळावरून, बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“दुकान बंद केलं तेव्हापासून. मला रात्रीचे फोन येतात, कुणी ना कुणी अडकलेलं असतं. तुझी झोप कशाला मोडायची.” मग खणांकडे बघत, “वर झोपच लागत नाही, ठके. इथं लागते. लोकरीत आवाज मुरतात.”

ठकीनं पाणी मागच्या नळावरून असं लिहून घेतलं.

“मला वाटलं तुला माहीत आहे,” बाबा म्हणाले. “तू विषय काढला नाहीस, म्हणून मी काढला नाही.”

“मी बघितलंच नाही,” ठकी म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सपाट आलं की तिचं तिलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटलं. वर्षभर ती लोकांच्या आरशामागची बिऱ्हाडं शोधत फिरली होती.   पाय दमले होते, म्हणून ती बाकाच्या कडेला, गादीवर बसली.

“मग काय लिहिणार?” बाबांनी विचारलं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला विचारावं तसं, हलक्या आवाजात.

“राहती जागा. पिवळा रंग.”

“बाहेर पाटी दुकानाची आहे.”

“चालतं.”

तिनं लिहिलं. पुढचा प्रश्न राहणाऱ्यांचा होता. किती माणसं, तिनं विचारलं, आणि बाबा पहिल्यांदाच किंचित हसले. म्हणाले, आम्हीसुद्धा आधी हेच विचारतो, लिफ्टच्या दाराला तोंड लावून, आत किती जण आहात. दोन, ठकीनं लिहिलं. एक वर, एक खाली.

त्याच्या खालचा प्रश्न कुटुंबांचा होता. तिथं तिची पेन्सिल थांबली. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे रक्ताची नाती नव्हेत आणि एक छप्परही नव्हे. एका स्वयंपाकावर जेवतात ते एक कुटुंब. पलीकडच्या रस्त्यावर दोन सख्खे भाऊ एकाच घरात राहत होते आणि एकानं फ्रिजला कुलूप लावलं होतं. तिथं तिनं पापणी न लववता कुटुंबं दोन असं लिहिलं होतं.

“स्वयंपाक एकत्र की वेगळा?” तिनं विचारलं. हे तिनं इतक्या दारांत विचारलं होतं की शब्द झिजून गुळगुळीत झाले होते.

बाबा गोंधळले. “तू करतेस ना वर?”

“मी कॅन्टीनला खाते. तुम्ही करता ना आल्यावर?”

“मी कामावरच खातो. कोपऱ्यावर.”

 बाहेर मोबाइलवाल्याकडे कुणाचा तरी फोन सुधारला आणि मोठ्यानं वाजला.

“तरीच म्हटलं गॅस संपत कसा नाही,” बाबा म्हणाले.

“मला वाटलं तुम्ही बदलून घेता.”

बाबांनी उशी उचलली, तिचा खड्डा हातानं सारखा केला, परत ठेवली. ठकीनं कागदाकडे पाहिलं. खोटं लिहायचं नव्हतं. सोमवारी बाई विचारणार होत्या, आणि बाईंनी नाही विचारलं तरी आता एकही चौकट अंदाजानं भरायची नव्हती.

“दोन लिहावी लागतील, बाबा,” ती म्हणाली.

बाबांनी मान डोलवली. अडकलेल्या लिफ्टबाहेर उभे राहून कुठली तार गेली असेल याचा विचार करतात तसे ते थोडा वेळ उभे राहिले.

“तुमच्यात आजचं धरतात ना?”

“आजचं.”

“कधीपर्यंतचं?”

“आजच्या दिवसातलं.”

“मग थांब जरा,” बाबा म्हणाले. “आज अजून जेवण व्हायचंय.” आणि पायात चपला सरकवून अंडी आणायला गेले.

ठकी वर गेली. तवा कुठं असतो हे तिला आठवावं लागलं. तव्यावर धूळ होती, ती धुतली. कांदे टोपलीत होते, पण त्यांना हातभर कोंब फुटले होते. मीठ डब्यात दगड होऊन बसलं होतं. गॅस पहिल्या काडीला पेटला नाही, दुसरीला पेटला. बाबा अंडी आणि पाव घेऊन आले, आणि कुणी काय करायचं हे न ठरल्यामुळे दोघं तव्यासमोर एकमेकांच्या पायांत येत राहिले. पहिलं अंडं करपलं. दुसरं त्यांनी अर्धं अर्धं केलं. मग तिसरं, चौथं.

लिफ्टचा भाग वर्तमानपत्रासकट खाली ठेवून त्यांनी टेबल मोकळं केलं. जेवताना नक्कल झाली नाही. बाबांनी एवढं सांगितलं की परवा एक बाई दोन मजल्यांमध्ये अडकल्या होत्या आणि त्यांनी त्या वेळात अख्खी भाजी निवडून टाकली. ठकी हं म्हणाली. मीठ जास्त झालं होतं, ते कुणी बोलून दाखवलं नाही. खाऊन झाल्यावर तिनं ताटली बाजूला सारली, कागद ओढला आणि कुटुंबांच्या रकान्यात एक लिहिलं. बाबांनी मान लांब करून बघितलं आणि ताटल्या घेऊन उठले. रात्री ते खालीच झोपायला गेले. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं की उद्याही तुमचं हे चालू आहे का. ठकी म्हणाली, उद्या फक्त सही आहे. मग म्हणाली, पण अंडी उरलीत.

सोमवारी नकाशेबाईंनी नवी गल्ली भिंगाखाली धरली. शिकवणीचा निळा पाहिला, चांभाराचा करडा पाहिला आणि बंद शटरमागच्या पिवळ्यावर बोट ठेवलं.

“हे आत जाऊन बघितलंस?”

“हो.”

“बाहेरून कुलूप आहे. आत कोण राहतं?”

“माझे वडील.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. ठकी टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिली. आई गेल्यापासून विभागात तिनं घरातलं म्हणून काही सांगितलं असेल तर ते एवढंच होतं. बाईंनी पुढं विचारलं नाही. त्यांनी रकाने वाचले, माणसं दोन, कुटुंब एक, त्या एकाशेजारचा तेलाचा डाग पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं.

“सर्वेक्षणाला गेल्यावर लोकांकडे काही खायचं नसतं, हे माहीत आहे ना?” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे, मॅडम,” ठकी म्हणाली. “पण जेवल्याशिवाय उत्तर मिळत नव्हतं.”

बाईंनी सही केली आणि पुढचा नकाशा ओढला.